छातीत गाठ लागली, आता काय करू? वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

मागच्या अंकात स्तनातल्या गाठींविषयी प्रश्न पाठवा असं लिहिलं होतं. पत्रं भरपूर आली, ईमेलही आले, आणि बहुतेकांत एक वाक्य होतंच की "घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही". काहींनी तर गाठीचं सगळं वर्णन केलंय पण डॉक्टरला दाखवली का ते लिहिलंच नाहीये, म्हणजे दाखवली नसणार हे कळतं. मी सर्जन आहे, रोज अशा गाठी बघते, तरी पत्रावरून गाठ कसली आहे ते मी सांगू शकत नाही आणि कुणीच सांगू शकत नाही. पण पुढे काय करायचं, काय नाही करायचं, रिपोर्टमधल्या शब्दांचा अर्थ काय, हे नक्की सांगता येईल. सारख्या प्रश्नांची पत्रं एकत्र करून घेतलीत, नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

मी २३ वर्षांची आहे, बी.एड. करते. डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ आहे, बोट लावलं की सरकते, दुखत नाही. सोनोग्राफीत फायब्रोअडेनोमा आलाय, १.८ सेंमी. डिसेंबरमधे लग्न आहे. आई म्हणते त्याआधी गुपचूप ऑपरेशन करून टाकू, सासरी कळलं तर लग्न मोडेल. मावशी म्हणते गोळ्यांनी विरघळते. ऑपरेशन केलं नाही तर पुढे कॅन्सर होतो का? (तासगाव)

अगं नाही होत. साधा फायब्रोअडेनोमा कॅन्सरमधे बदलण्याची शक्यता जवळजवळ नसतेच. पंधरा ते पस्तीस या वयात सगळ्यात जास्त सापडणारी गाठ हीच, दुधाच्या ग्रंथी आणि त्यांच्या आजूबाजूचा तंतूंचा भाग एका जागी जास्त वाढला की ती तयार होते, पाळीच्या हार्मोन्सचा तिच्यावर परिणाम होतो म्हणून तरुण वयात येते आणि पाळी गेल्यावर बहुतेक वेळा आकसते. तुझ्या वर्णनातलं सरकणं, न दुखणं, तुझं वय, सगळं त्याच्याशी जुळतं.

तरी एक विचारते, गाठ कुणी हाताने तपासली का? तू फक्त सोनोग्राफीचं लिहिलंस. गाठीची तपासणी तीन पायऱ्यांची असते, डॉक्टरने हाताने बघणं, मग सोनोग्राफी किंवा मॅमोग्राम म्हणजे स्तनाचा एक्स-रे, आणि मग सुईने तुकडा काढून तपासणं. तुझ्यासारख्या पंचविशीच्या आतल्या मुलीत हात आणि सोनोग्राफी दोन्ही अगदी स्पष्ट सांगत असतील तर पुष्कळ सर्जन सुई टाळतात आणि सहा महिन्यांनी परत सोनोग्राफी करून आकार बघतात, ते बरोबर आहे. सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांनी थोडी जरी शंका लिहिली असेल तर मात्र सुईची तपासणी करून घ्यायची. म्हणून आधी सर्जनला दाखव, ऑपरेशन ठरवायला नाही, तपासायला.

काढावी कधी लागते? तीन सेंमीच्या वर गेली, भराभर वाढायला लागली, कडा नीट दिसत नाहीत, किंवा तुला स्वतःलाच ती नको असेल तर. भराभर वाढण्याचं मुद्दाम लिहिते कारण फायलोडिस नावाची एक गाठ सुरुवातीला अगदी फायब्रोअडेनोमासारखीच दिसते, ती काही महिन्यांत दुप्पट होऊ शकते, आणि ती आजूबाजूच्या थोड्या चांगल्या भागासकट काढावी लागते नाहीतर परत येते. तुझी १.८ आहे आणि वाढत नसेल तर लग्नाच्या तारखेसाठी ऑपरेशन करायचं काहीही कारण नाही. ऑपरेशन म्हणजे व्रण आलाच, आणि तो त्या जागी आयुष्यभर राहणार, कशासाठी घ्यायचा?

विरघळवणाऱ्या गोळ्यांचं असं आहे की यातल्या काही गाठी आपोआपच लहान होतात, मग जी गोळी चालू असेल तिचं नाव होतं. फायब्रोअडेनोमा विरघळतो असं सिद्ध झालेलं औषध नाहीये.

आता आईसाठी लिहिते, हे पान तिला वाचायला दे. ताई, ही गाठ म्हणजे आजार नाही, संसर्ग नाही, हिच्यामुळे मूल व्हायला अडचण येत नाही, बाळाला अंगावर पाजायलाही येत नाही. गरोदरपणात ती जरा मोठी होऊ शकते, म्हणून तेव्हा डॉक्टरांना आधीची सोनोग्राफी दाखवायची, त्यासाठी रिपोर्ट जपून ठेवा. लपवून ठेवलं तर तुमची मुलगी सासरी सहा महिन्यांची तपासणीसुद्धा चोरून करणार किंवा करणारच नाही. नवऱ्या मुलाला तिनेच साधेपणाने सांगावं, रिपोर्टसकट, मला तरी यात सांगू नये असं काहीच दिसत नाही.

वय ४६. उजव्या बाजूला गाठ. मॅमोग्रामवर बायरॅड्स ४ लिहिलंय. एका डॉक्टरांनी सुईची बायोप्सी सांगितली. दुसरे म्हणाले सुई कशाला, सरळ गाठ काढून टाकू आणि मग तपासायला पाठवू. जाऊबाई म्हणतात सुई लावली की कॅन्सर अंगभर पसरतो, त्यांच्या माहेरी असं झालंय. मी तीन आठवडे काहीच केलेलं नाही. (जळगाव)

तीन आठवड्यांत बिघडलं नाहीये, पण हे वाचून झालं की अपॉइंटमेंट घ्या.

बायरॅड्स म्हणजे फोटो बघणाऱ्या डॉक्टरने दिलेला नंबर. १ म्हणजे काही नाही, २ म्हणजे साधी गोष्ट. ३ म्हणजे बहुतेक साधीच, कॅन्सरची शक्यता दोन टक्क्यांच्या आत, म्हणून सहा महिन्यांनी परत बघतात. ५ म्हणजे पंच्याण्णव टक्क्यांच्या वर संशय. तुमचा ४ म्हणजे दोनपासून पंच्याण्णवपर्यंत कुठेही, म्हणून कधी कधी त्याचे अ, ब, क असे भागही करतात, रिपोर्ट परत बघा, लिहिलं असेल. ० लिहून आलं तर ती चांगली बातमी समजू नका, त्याचा अर्थ फोटो अपुरा आहे, आणखी तपासणी करा. पुष्कळजणी ० बघून घरी जाऊन बसतात.

तर ४ ला सुईशिवाय उत्तर नाही. सुईने कॅन्सर पसरतो ही भीती मी रोज ऐकते, शिकलेल्या लोकांकडूनही. ती कुठून आली तेही कळतं, पूर्वी बाई दवाखान्यात यायचीच उशिरा, आजार आधीच पसरलेला असायचा, सुई लागायची आणि दोन महिन्यांत तब्येत ढासळायची, घरच्यांच्या डोक्यात सुई आणि ढासळणं एकत्र बसलं. जाऊबाईंच्या माहेरीही असंच झालं असेल, त्यांचं दुःख खरंच आहे. पण सुई लावल्यामुळे बायका कमी जगतात असं दिसलेलं नाही. कॅन्सर पसरायला वेळ मिळतो तो न तपासता घालवलेल्या महिन्यांत.

प्रत्यक्षात काय करतात ते सांगते म्हणजे भीती जरा कमी होईल. जागेवर भूल देतात, दातांच्या डॉक्टरकडे देतात तसली, सोनोग्राफीवर बघत बघत जरा जाड सुईने तीन-चार बारीक तुकडे घेतात, प्रत्येक वेळी टक्क आवाज येतो, त्याने दचकायला होतं म्हणून आधीच सांगून ठेवते. अर्ध्यापाऊण तासात घरी. थोडं काळंनिळं होतं, जातं. याला कोअर बायोप्सी म्हणतात. बारीक सुईची एफएनएसी असते ती वेगळी, तिच्यात फक्त पेशी येतात, कोअरमधे पूर्ण तुकडा येतो आणि समजा कॅन्सर निघालाच तर तो हार्मोनवर वाढणारा आहे का, हर-टू आहे का म्हणजे पेशींवर त्या नावाचं वाढवणारं प्रथिन जास्त आहे का, हे त्याच तुकड्यावर कळतं. पुढची सगळी ट्रीटमेंट त्यावर ठरते, म्हणून कोअरच करून घ्या.

"आधी काढू मग तपासू" याच्या मी स्पष्ट विरोधात आहे. साधी गाठ असेल तर तुम्हाला कदाचित नको असलेलं ऑपरेशन झालं. कॅन्सर असेल तर अंदाजाने काढलेल्या गाठीच्या कडेला आजार राहून जातो, परत ऑपरेशन, काखेतल्या गाठींचं वेगळं ऑपरेशन, आणि कधी कधी आधी केमो देऊन गाठ लहान करणं जास्त फायद्याचं असतं ती संधीच गेली. आणि कुठेही कुठलीही गाठ काढली तरी ती पॅथॉलॉजीला गेली का, रिपोर्ट कुठाय, हे विचाराच. तपासायला न पाठवलेल्या गाठी मी ऐकलेल्या आहेत, ते कुणाच्याही बाबतीत व्हायला नको.

अजून एक, रिपोर्ट साधा आला पण फोटो फारच संशयाचा होता तर विषय संपत नाही. तिन्ही तपासण्यांचं एकमेकींशी पटलं पाहिजे. नाही पटलं तर बायोप्सी परत करायची.

बाळ पाच आठवड्यांचं आहे. एक बाजू लाल, गरम, कडक गाठ, १०२ ताप. सासूबाई म्हणतात त्या बाजूने पाजू नको, बाळाला बाधेल. मालीशवाली बाई रोज जोर लावून गाठ मोडते, जीव जातो. (चाकण)

मालीश आजपासून बंद. सुजलेल्या जागेवर जोर लावला की आतली सूज वाढते, हल्ली आम्ही उलट थंड शेक सांगतो, आणि पॅरासिटॅमॉल किंवा आयबुप्रोफेन. पाजणं चालू ठेव, त्या बाजूनेही, त्या दुधाने बाळाला काही होत नाही, एकदम बंद केलंस तर दूध साठून त्रास वाढेल. पण जास्तीचं पंप करून रिकामं करायच्याही मागे लागू नकोस. ताप १०२ आहे तर आजच डॉक्टरकडे जा, अँटिबायोटिक लागेल, पाजताना चालणाऱ्या आहेत. दोन दिवसांत उतार नाही पडला तर सोनोग्राफी, पू झाला असेल तर तो बहुतेक वेळा सुईने काढता येतो, चिरा मारावाच लागतो असं नाही.

आणि औषधं संपली, ताप गेला, पण गाठ राहिली तर "दुधाची गाठ असेल" म्हणून सोडू नकोस. आपल्याकडे स्तनाचा टीबी असतो, ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस नावाची चिवट सूज असते, आणि क्वचित पाजणाऱ्या बाईलाही कॅन्सर असतो. तेव्हा सुईने तपासणी करायची, पाजत असतानाही करता येते.

दर महिन्याला पाळीच्या आधी आठवडाभर दोन्ही बाजू जड होतात, दुखतात, गाठीगाठी लागतात, पाळी आली की कमी. वय ३८. (वाशी, आणि अशीच आणखी पुष्कळ पत्रं)

पाळीबरोबर येणारं आणि पाळीबरोबर जाणारं दुखणं हार्मोन्सचं असतं. नीट मापाची, आधार देणारी ब्रा घाला, रात्रीही चालेल, फार दुखलं तर दुखण्यावर लावायचं जेल चालतं. पाळी सुरू झाल्यापासून साधारण सातव्या ते दहाव्या दिवशी हात फिरवून बघा, तेव्हाही एकाच जागी गाठ टिकून असेल तर दाखवा. तुमच्या वयात ती बऱ्याचदा पाण्याची गाठ निघते, सिस्ट, सोनोग्राफीत लगेच कळते, साधी असेल तर काही करायचं नसतं, दुखत असेल तर सुईने पाणी काढतात.

पुरुषांना होतं का? वय ५७, निपलच्या मागे एका बाजूला कडक गाठ. (बेळगाव)

होतं. स्तनाच्या शंभर कॅन्सरमधे साधारण एक पुरुषाचा. बहुतेक वेळा मात्र ती औषधांमुळे किंवा लिव्हरच्या त्रासामुळे आलेली साधी वाढ असते. एकाच बाजूला आणि कडक आहे म्हणून तुम्ही लवकर दाखवा, बाकी तपासण्या बायकांसारख्याच.

आई ६१ वर्षांची. आठ महिने गाठ लपवली, दुखत नाही म्हणून. आता वरची कातडी आत ओढल्यासारखी दिसते तेव्हा बहिणीला कळलं. दवाखान्यात यायला तयार नाही. म्हणते छाती कापतील, तुझी जमीन विकावी लागेल, आता माझं वय झालंच आहे. आम्ही काय बोलायचं तिच्याशी? (परभणी)

दादा, तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. आधी एक करा, आठ महिने का लपवलंस असं घरातल्या कुणीही तिला विचारू नका, भावानेही नाही, बायकोनेही नाही. ती तुमची जमीन वाचवत होती. आणि न दुखणारी गाठ साधी असते असं आपल्याकडे सगळेच समजतात, खरं तर कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. कातडी ओढली जाणं, निपल आत जाणं, त्यातून रक्त येणं, कातडी जाड होऊन छिद्रं उठून दिसणं, काखेत गाठ, ही सगळी ताबडतोब दाखवायची लक्षणं आहेत.

ती तीन गोष्टींना घाबरते, त्यांची तीन उत्तरं तिला द्या, पण एका बसण्यात नको.

छाती कापतील. प्रत्येकीची काढावी लागत नाही. फक्त गाठ काढून नंतर शेक म्हणजे रेडिएशन दिलं तर जगण्याची शक्यता पूर्ण स्तन काढण्याइतकीच असते, अमेरिका आणि इटलीतल्या मोठ्या अभ्यासांत वीस वर्षं बायकांवर लक्ष ठेवून हे बघितलंय, २००२ साली ते आकडे आले. तुमच्या आईची गाठ जरा पुढे गेलेली असू शकते, तिला आधी केमो किंवा तिच्या वयात हार्मोनची रोजची एक गोळी देऊन गाठ लहान करता येते का ते बायोप्सीवर कळेल. कदाचित स्तन काढावाच लागेल, तसं असेल तर तेही तिला खरं सांगायचं. पण आज, तपासणीच्या आधी, कुणालाच माहीत नाहीये.

जमीन. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन बसतं, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, आणि आता पिवळं रेशनकार्ड, केशरी रेशनकार्ड असा भेद न ठेवता. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलमधे आरोग्यमित्र बसलेला असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला भेटा, बिल भरून मग नाही. तुम्हाला जवळ छत्रपती संभाजीनगरचं सरकारी कॅन्सर हॉस्पिटल आहे, सगळे उपचार तिथे होतात, लगेच मुंबईला परळच्या टाटामधेच पळायला हवं असं नाही. गाठ हर-टू निघाली तर एक महागडं इंजेक्शन लागतं, ते आता भारतातल्या कंपन्याही बनवतात त्यामुळे किंमत पूर्वीपेक्षा बरीच उतरलीय, तेही योजनेत कसं बसेल ते तिथेच विचारा.

वय झालं. एकसष्ट हे काही जाण्याचं वय नाही हे तुम्ही म्हणालात तर ती ऐकणार नाही, तिच्या वयाची, उपचार घेऊन घरी हिंडणारी फिरणारी एखादी बाई गावात किंवा नात्यात असेलच, तिला घरी बोलवा आणि दोघींना बोलत बसू द्या, तुम्ही बाहेर थांबा. माझ्या सांगण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होताना मी बघितलाय. आणि पहिल्या भेटीला "फक्त तपासून येऊ" इतकंच म्हणा, कारण पहिल्या भेटीला खरंच तेवढंच असतं. बहिणीने बरोबर जावं, बाई डॉक्टर मिळेल का ते आधी फोनवर विचारून घ्या.

मी आशा आहे. घरोघरी आजारांची माहिती घ्यायचा सीबॅक फॉर्म भरताना छातीत गाठ आहे का हा प्रश्न विचारते, सगळ्या नाहीच म्हणतात. तीस वर्षांवरच्या बायकांना उपकेंद्रात तपासणीला पाठवते पण मशीन नाही, नुसत्या हाताने बघून काय उपयोग असं त्याच विचारतात. काय सांगू? (जव्हार)

ताई, उपयोग आहे, आणि त्याचा पुरावा आपल्या मुंबईतलाच आहे. टाटा हॉस्पिटलच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या टीमने १९९८ मधे मुंबईच्या वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाख बायकांवर काम सुरू केलं. निम्म्या वस्त्यांमधे प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविका दर दोन वर्षांनी फक्त हाताने तपासायच्या, मशीन काही नाही, असे चार फेरे झाले आणि मग पुढे वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. २०२१ मधे निष्कर्ष छापून आले. तपासलेल्या वस्त्यांमधे आजार लवकरच्या स्टेजला सापडला, आणि पन्नाशीच्या वरच्या बायकांमधे स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत तेवढा फायदा दिसला नाही, सगळ्या वयांचं एकत्र धरलं तर फरक ठामपणे सांगण्याइतका नव्हता, हेही तुम्हाला माहीत असावं. पण म्हणजे शिकलेला हात काम करतो, आणि पन्नाशी ओलांडलेल्या ज्या बायका "आता आमचं काय बघायचं" म्हणतात त्यांना आधी पाठवायचं.

घरी स्वतः तपासायला शिकवू का असंही तुम्ही पुढे विचारलंय. शांघायच्या गिरण्यांमधल्या अडीच लाखांहून जास्त कामगार बायकांवर तसा अभ्यास झाला होता, शिकवल्याने मृत्यू कमी झाले नाहीत, साध्या गाठींच्या बायोप्सी मात्र वाढल्या. म्हणून मी महिन्याची तारीख ठरवून परीक्षेसारखं तपासायला सांगत नाही. आंघोळीच्या वेळी साबणाचा हात सपाट फिरवायचा, बोटांच्या टोकांनी चिमटीत धरायचं नाही, चिमटीत धरलं की सगळंच गाठ वाटतं, काखेतही बघायचं, आणि आपलं नेहमीचं कसं लागतं ते माहीत करून घ्यायचं म्हणजे वेगळं काही आलं की कळतं.

फॉर्मवरचा प्रश्न सासू समोर बसलेली असताना विचारलात तर उत्तर नाहीच येणार. बाळाचं वजन करायला, लसीकरणाला बाई एकटी येते तेव्हा विचारा, आणि "गाठ आहे का" याच्याऐवजी "आंघोळ करताना पूर्वीपेक्षा वेगळं काही लागतं का, कपड्याला डाग पडतो का" असं विचारून बघा. पाठवलेल्या बाईचं नाव आणि तारीख डायरीत लिहा आणि दोन आठवड्यांनी घरी जाऊन विचारा की गेलीस का, सुई झाली का, रिपोर्ट आणलास का. सोनोग्राफीपर्यंत पुष्कळजणी पोचतात, तिथून बायोप्सीला जाताना मधेच गळतात, एसटीचे पैसे नसतात, बुडालेला रोज असतो, मुलांना कुणाकडे ठेवायचं हे असतं. ते कळलं तर तुमच्या नर्सबाईंना आणि केंद्रातल्या डॉक्टरांना सांगा, चार-पाचजणींना एकाच दिवशी एका गाडीने जिल्हा रुग्णालयात नेता आलं तर एकटीपेक्षा सोपं जातं.